शुंडकं किती? चामड्यासारखे प्रवाळ ओळखताना

काटोलहून समुद्र गाठायचा म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा कापायचा. त्यामुळे मालवणला पहिल्यांदा ओहोटीत खडकावर उतरलो तेव्हा जे जे मऊ, चामड्यासारखं दिसलं ते मी सरळ वहीत ‘मऊ प्रवाळ’ म्हणून लिहून टाकलं. गाईडनी फोटो मोठा करून एकच प्रश्न विचारला, “शुंडकं किती?” मी मोजलीच नव्हती!

खऱ्या मऊ प्रवाळाच्या प्रत्येक पॉलिपला शुंडकं बरोब्बर ८, आणि प्रत्येकाच्या दोन्ही कडांना पिसासारख्या बारीक फांद्या. कोकणच्या खडकांवर ओहोटीत उघडे पडणारे तपकिरी गालिचे मात्र बहुतेकदा झोआंथिड निघतात. त्यांची शुंडकं साधी, ८ पेक्षा पुष्कळ जास्त, तोंडाच्या चकतीभोवती दोन ओळींत. मिटलेले असताना दोघांत फरक कळत नाही. म्हणून डबक्यात बुडालेली वसाहत शोधा, आपली सावली पडू न देता थांबा. पॉलिप उघडले की मॅक्रो फोटो काढा. झोआंथिडांपैकी पॅलिथोआ अंगात वाळूचे कण भरून घेतो, त्यामुळे तो खरखरीत असतो. पण हे हातानं तपासू नका. पॅलिटॉक्सिन हे जहाल विष १९७१ मध्ये हवाईतल्या पॅलिथोआतूनच वेगळं केलं गेलं. हातमोजे आणि चष्मा हवाच.

८ मोजून झाली की प्रजाती. देठावर छत्रीसारखी टोपी असेल तर बहुधा सार्कोफायटॉन. बोटांसारखे उंचवटे असतील तर भिंग काढा. मोठ्या पॉलिपांच्या मधे ठिपक्यांसारखे बारीक पॉलिप दिसले तर लोबोफायटम, सगळे एकाच प्रकारचे असतील तर सिन्युलारियाकडे वळा.

जातीसाठी मात्र स्क्लेराइट बघावेच लागतात. हे मांसात रुतलेले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म काटे. वरच्या थराचा आणि देठाच्या तळाचा तुकडा वेगवेगळ्या ब्लीचमध्ये टाका, मांस विरघळतं, काटे उरतात. झोआंथिडात ते नसतातच, पॅलिथोआ असेल तर तळाशी नुसती वाळू.

इथेच मी दुसरी चूक केली. लॅबमध्ये आलेले मन्नारच्या आखातातले नमुने साध्या फॉर्मालिनमध्ये ठेवले. फॉर्मालिन हळूहळू आम्लधर्मी होतं आणि आम्ल कार्बोनेट खातं. चार महिन्यांनी स्लाइडवर काहीच नव्हतं, एक हंगाम गेला. आता सगळं ७० टक्के इथेनॉलमध्ये, आणि डीएनएसाठी वेगळा तुकडा ९५ टक्क्यांत.

आणि हो, मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. वनविभागाची परवानगी हातात येईपर्यंत तिथे फक्त फोटो, तुकडा नाही.