सौदा ठरला, सामान बांधलं आणि गिऱ्हाईक म्हणालं भाव कमी करा! इंग्लंडमधलं 'गझंडरिंग' नेमकं काय असतं?

समजा, इंग्लंडमधल्या एका कुटुंबाने आपलं राहतं घर विकायला काढलं. सौदा ४ लाख पौंडाला ठरला. एजंटने दारासमोर बोर्ड लावला. तीन महिने दोन्हीकडच्या वकिलांचे कागद इकडून तिकडे फिरले. त्या भरवशावर या कुटुंबाने दुसऱ्या गावात घर पसंत केलं, त्याच्या तपासणीचे पैसे भरले, पोरांच्या शाळेचे अर्ज केले, सामान हलवणाऱ्याला तारीख दिली. शुक्रवारी करार पक्का होणार. बुधवारी दुपारी एजंटचा फोन येतो, "गिऱ्हाईक म्हणतंय ३ लाख ८५ हजार देतो. जमत असेल तर शुक्रवारी उरकून टाकू, नाहीतर राहू द्या."

१५ हजार पौंड, म्हणजे आपल्याकडचे पंधरा लाखांच्या वर, एका फोनमध्ये गेले. घराची भिंत पडलेली नाही, छप्पर गळायला लागलेलं नाही. पण विकणाऱ्याचा पाय आता पुढच्या घरात अडकलाय, आणि गिऱ्हाइकाला ते माहितीये.

याला तिकडे 'गझंडरिंग' म्हणतात. आणि हे सगळं पूर्णपणे कायदेशीर आहे.

या शब्दाच्या आधी त्याचा मोठा भाऊ आला, 'गझम्पिंग'. म्हणजे विकणाऱ्याने एकाला हो म्हणायचं आणि नंतर कुणी जास्त पैसे देतंय म्हटल्यावर त्याला घर द्यायचं. गझम्प हा मुळात फसवणुकीसाठी वापरला जाणारा जुना बोली शब्द. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला घरांचे भाव भराभर चढले तेव्हा तो घरांच्या व्यवहाराला चिकटला. मग १९८० च्या दशकाच्या शेवटी वारं फिरलं, गिऱ्हाइकं भाव पाडायला लागली, तेव्हा त्याच शब्दाला 'अंडर' जोडून गझंडर तयार झाला. गंमत म्हणजे हा उच्चार इंग्रजांच्या बोलीत आधीपासून होताच. रात्री पलंगाखाली ठेवायच्या लघवीच्या भांड्याला ते गझंडर म्हणायचे. पलंगाच्या खाली जातं ते, म्हणून.

वारं फिरलं त्याचाही एक किस्सा आहे. तोवर ब्रिटनमध्ये लग्न न झालेल्या जोडप्याने मिळून घर घेतलं तर दोघांनाही गृहकर्जाच्या व्याजावर वेगवेगळी करसवलत मिळायची. १९८८ च्या मार्चच्या बजेटमध्ये अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी ही दुहेरी सवलत १ ऑगस्टपासून बंद करायचं जाहीर केलं. मधले महिने हातात होते, त्यामुळे लोकांनी घरांवर झुंबड उडवली. ऑगस्ट उलटला आणि मागणी बसली. त्यात मे १९८८ मध्ये साडेसात टक्क्यांच्या आसपास असलेला बँक दर ऑक्टोबर १९८९ पर्यंत १५ टक्क्यांच्या घरात गेला. भाव पडायला लागले. सौदा जूनच्या भावाने ठरलेला आणि कागद पूर्ण होईपर्यंत बाजार खाली गेलेला, अशी परिस्थिती असल्यावर गिऱ्हाइकाच्या तोंडाला कोण हात लावणार?

पण मुळात शब्द फिरवता येतोच कसा?

सगळी मेख इथे आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये घराची ऑफर स्वीकारली गेली तरी ती 'सब्जेक्ट टू काँट्रॅक्ट' असते. दारासमोरच्या बोर्डावर 'सोल्ड' लिहिलेलं असतं आणि त्याच्यापुढे 'एसटीसी' अशी तीन अक्षरं, ती हीच. म्हणजे विकलंय, पण करार होईल तेव्हा. १९८९ च्या 'लॉ ऑफ प्रॉपर्टी (मिसलेनियस प्रोव्हिजन्स) ॲक्ट'च्या कलम २ नुसार जमिनीचा किंवा घराचा विक्री करार लेखी हवा, ठरलेल्या सगळ्या अटी त्यात हव्यात आणि दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात. त्याआधीच्या तोंडी होकाराला, हस्तांदोलनाला, एजंटच्या अभिनंदनाच्या ईमेलला कायद्याच्या लेखी किंमत शून्य.

बंधन येतं ते 'एक्सचेंज ऑफ काँट्रॅक्ट्स'च्या क्षणी. कराराच्या दोन सारख्या प्रती असतात. एकीवर विकणाऱ्याची सही, दुसरीवर घेणाऱ्याची. दोन्ही वकील बहुतेक वेळा फोनवरच 'आता एक्सचेंज झालं' असं ठरवतात आणि वेळ टिपून ठेवतात. घेणारा साधारण १० टक्के अनामत भरतो. यानंतर तो फिरला तर ती अनामत बुडते. त्याच्या एक मिनिट आधी फिरला तर त्याला कुणी जाब विचारू शकत नाही.

होकार आणि एक्सचेंज यांच्यात दोन ते चार महिने सहज जातात. घराबद्दलची चौकशी घेणाऱ्यानेच करायची, असा तिथला जुना शिरस्ता आहे. त्यामुळे सौदा ठरल्यावर तो सर्व्हेअर पाठवतो, बँक मूल्यांकन करते, वकील स्थानिक कौन्सिलकडून शोध मागवतो, रस्ता कुणाचा, ड्रेनेज कुठून जातं, पुराचा धोका आहे का असे प्रश्न विचारतो. या काळात घेणाऱ्याला मोकळं सोडणं बरोबरच आहे. तपासणीत भिंतीत ओल निघाली, पाया खचलेला दिसला, किंवा बँकेने घराची किंमत कमी धरून कर्ज कमी केलं, तर त्याने भाव पुन्हा बोलणं यात गैर काहीच नाही.

खरा गझंडर ओळखायचा तो वेळेवरून. सर्व्हेचा रिपोर्ट सहाव्या आठवड्यात हातात आलेला असतो आणि साहेबांना ओल दिसते बाराव्या आठवड्यात, एक्सचेंजच्या आदल्या दिवशी. काही जण तेवढीही तसदी घेत नाहीत, नुसतं 'बाजार पडलाय' म्हणून मोकळे होतात.

अर्थात सगळेच लबाड नसतात. २३ सप्टेंबर २०२२ ला अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांचं 'मिनी बजेट' आलं, बाजार हादरला आणि बँकांनी गृहकर्जाच्या योजना धडाधड मागे घेतल्या. ऑक्टोबरमध्ये दोन वर्षांच्या स्थिर दराच्या कर्जाचा सरासरी व्याजदर ६ टक्क्यांच्या वर गेला. ज्यांचं कर्ज अजून पक्कं झालं नव्हतं त्यांना ठरलेल्या भावात हप्ता खरंच झेपेना. आणि त्यांच्याच गर्दीत, कर्ज आधीच पक्कं झालेल्या काहींनाही तेच कारण सांगता येत होतं. विकणाऱ्याला यातला फरक बाहेरून कळायला मार्ग नाही.

साखळीत मरतो कोण?

इंग्लंडमध्ये घर विकणारा बहुतेक वेळा त्याच दिवशी दुसरं घर घेत असतो. त्याला विकणारा तिसरं घेत असतो. याला 'चेन' म्हणतात. पहिलं घर घेणारं तरुण जोडपं सगळ्यात खाली, मध्ये दोन-तीन कुटुंबं, आणि सगळ्यात वर असा माणूस ज्याला पुढे काही घ्यायचं नाही. सगळ्यांचं एक्सचेंज एकाच दिवशी व्हावं लागतं. एक कडी तुटली की सगळ्यांचा सौदा लटकतो.

तळातल्या गिऱ्हाइकाने १५ हजार कापले, की मधला माणूस हिशोब करतो. सौदा मोडला तर वकिलाची फी, सर्व्हेचे पैसे पाण्यात जाणार, मनासारखं मिळालेलं पुढचं घर जाणार आणि नवं गिऱ्हाईक शोधून पुन्हा तीन महिने वाट बघायची. त्यात पडत्या बाजारात ते गिऱ्हाईक तरी जुना भाव देईल याची काय खात्री? मग तो निमूटपणे हो म्हणतो. आणि लगेच एजंटला सांगतो, आता वरच्यालाही ५-१० हजार कमी करायला लावा. सकाळी ज्याला लुबाडलं तोच दुपारी वरच्याचा भाव पाडत असतो, आणि त्याच्या दृष्टीने त्याचा नाइलाज असतो.

हे ओझं वर सरकत सरकत शेवटच्या घरापर्यंत जातं. तिथे बऱ्याचदा एखादी एकटी राहणारी म्हातारी असते, किंवा आईवडील गेल्यावर त्यांचं घर विकणारी भावंडं. त्यांना पुढे कुणावर ढकलायची सोय नसते.

पुण्यामुंबईहून लंडनला गेलेल्या मराठी माणसाला तिथे पहिलं घर घेताना हमखास पडणारा प्रश्न म्हणजे, टोकन कुठे द्यायचं? आपल्याकडे जुना फ्लॅट घेताना विसार दिला, विसार पावती झाली की दोन्हीकडचे थोडेतरी बांधले जातात, आणि पुढे साठेखत झालं की किंमत कागदावर येते. नव्या इमारतीत रेराच्या कलम १३ मुळे बिल्डरला नोंदणीकृत करार केल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. आपल्याकडे तोंडी ठरलेला भाव कुणी पाडत नाही असं नाही, पण विसार दिलेल्या माणसाला तो बुडायची धाकधूक तरी असते. इंग्लंडमध्ये जुन्या घरांच्या बाजारात असं टोकन द्यायचा रिवाज नाही.

शेजारच्या स्कॉटलंडमध्ये चित्र बरंच वेगळं. तिथे वकिलांमध्ये 'मिसिव्ह्ज' नावाच्या पत्रांची देवाणघेवाण होते आणि ती पूर्ण झाली की सौदा बांधला गेला. डिसेंबर २००८ पासून घर बाजारात आणतानाच विकणाऱ्याने सर्व्हेसकट 'होम रिपोर्ट' द्यावा लागतो, त्यामुळे 'आता ओल सापडली' म्हणायला फारशी जागा राहत नाही.

इंग्लंडनेही हे करून पाहिलं. २००७ मध्ये 'होम इन्फर्मेशन पॅक' सक्तीचा केला, पण घराच्या अवस्थेचा रिपोर्ट त्यात ऐच्छिकच ठेवला. म्हणजे ज्या कागदाने फरक पडला असता तोच गाळला. लोकांना तो नुसता खर्च वाटला आणि मे २०१० मध्ये नव्या सरकारने आल्या आल्या तो थांबवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटन सरकारने पुन्हा प्रस्ताव मांडला, त्यात घराची माहिती आधीच देणं आणि सौदा लवकर बंधनकारक करायची सोय, या दोन्ही गोष्टी आहेत.

तोवर विकणाऱ्याच्या हातात थोडेच पत्ते असतात. पहिला म्हणजे घाबरून लगेच हो न म्हणणं, कारण सर्व्हे, वकील यांवर गिऱ्हाइकाचेही पैसे गेलेले असतात आणि त्याच्या कर्जमंजुरीलाही मुदत असते. दुसरा, कारणाचा कागद मागणं. ओल असेल तर रिपोर्ट दाखवा, बँकेने कर्ज कापलं असेल तर बँकेचं पत्र दाखवा. तिसरा पत्ता, चेनमधल्या सगळ्यांनी मिळून खड्डा भरणं, १५ हजारांतले प्रत्येकाने तीन-चार हजार सोसणं. एजंटची फी विकणाराच देत असतो, तेव्हा त्यालाही त्यात थोडं सोडायला सांगता येतं. आणि कमी भावाला हो म्हणायचंच ठरलं, तर अट एकच घालायची: एक्सचेंज आज संध्याकाळी पाचच्या आत, उद्या नाही.