कुत्र्याच्या पावलांनी पाहावयाचे नगर : सव्हाना

तोबियसाच्या प्रवासाची कथा आपल्या घराघरांतून परिचयाची आहे. तो तरुण दूरदेशी निघाला तेव्हा त्याच्या सोबतीस देवदूत राफाएल होता, आणि मागोमाग चालला होता घरचा कुत्रा. पवित्र शास्त्रात त्या मुक्या सोबत्याचे ना नाव सांगितले आहे, ना त्याने काही पराक्रम केल्याचे. तो बरोबर गेला आणि बरोबर परतला, एवढेच.

आपल्याकडे मात्र कुत्रा म्हणजे दाराचा राखणदार. धनी गावाला निघाला की तो वेशीपर्यंत पोचवावयास येतो आणि तेथून माघारी फिरतो. प्रेक्षणीय स्थळे पाहावयास निघालेल्या कुटुंबाने कुत्र्यालाही बरोबर न्यावे, ही कल्पना आपल्यापैकी पुष्कळांना हसू आणील. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही रीत सर्रास आढळते. तेथील दक्षिण भागात, जॉर्जिया राज्यात, सव्हाना नावाचे जुने नगर आहे. कुत्र्याची साखळी हाती धरून, त्याच्या चालीने हिंडावे, तरच ते नगर नीट कळते. त्याचे कारण त्याच्या आखणीत आहे. ती आखणी कोणासाठी झाली, कोणाला वगळून झाली आणि पुढे ती सर्वांची कशी झाली, ही हकीकत आपण कॅथलिक कुटुंबांनी ऐकण्याजोगी आहे.

चौकांचे नगर

1733 सालच्या फेब्रुवारी महिन्यात जेम्स ओग्लथॉर्प हा इंग्रज गृहस्थ शंभरावर वसाहतकऱ्यांना घेऊन सव्हाना नदीच्या उंच काठावर उतरला. तेथील यामाक्रॉ जमातीचा वृद्ध नायक टोमोचिची याने या परक्यांना वसण्यास संमती दिली. 1739 साली टोमोचिची वारला, तेव्हा नगराच्या एका मुख्य चौकात सन्मानाने त्याचे दफन करण्यात आले.

ओग्लथॉर्पने नगर आखले ते असे : मध्यभागी एक मोकळा चौक, त्याच्या दोन बाजूंना मिळून 40 घरांच्या जागा, आणि उरलेल्या दोन बाजूंना सार्वजनिक इमारतींसाठी चार जागा. असा एक विभाग पुरा झाला की त्याला लागून तसाच दुसरा. आरंभी चार चौक होते. 1851 सालापर्यंत त्यांची संख्या 24 झाली, आणि त्यांपैकी 22 आजही आहेत. एका चौकातून निघावे, दोन-तीन मिनिटे चालावे, तो दुसरा चौक येतो. प्रत्येकात बसावयास बाके आहेत, आणि वर सदाहरित ओक वृक्षांची दाट सावली. त्या वृक्षांच्या फांद्यांवरून करड्या रंगाच्या जटा लोंबत असतात. त्यांना स्पॅनिश मॉस म्हणतात. पण ते शेवाळही नव्हे आणि स्पेनमधूनही आलेले नव्हे. वनस्पतिशास्त्राप्रमाणे ते आपल्या अननसाच्या कुळातील आहे.

मोटारीतून जाणाऱ्याला हे चौक म्हणजे वाटेतील अडथळे वाटतात, कारण प्रत्येकाला वळसा घालावा लागतो. कुत्र्याबरोबर चालणाऱ्याला मात्र ते विसाव्याचे टप्पे होतात. कुत्रा प्रत्येक झाडापाशी थांबतो, आणि त्याच्याबरोबर थांबावे लागल्याने धन्याचे लक्ष चौकातील शिलालेखाकडे, घराच्या लोखंडी कठड्याकडे, बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याकडे जाते. परक्या गावात कोणी आपणहून बोलत नाही. पण कुत्रा बरोबर असला की त्याचे नाव विचारण्याच्या निमित्ताने माणसे बोलू लागतात.

चला तर, वाचकहो, नगराच्या दक्षिणेकडील फोर्सिथ उद्यानापासून आपण मनाने निघू. 30 एकरांचे हे उद्यान आहे, आणि तेथील शुभ्र कारंजे 1858 सालचे आहे. येथून नदीपर्यंतचे अंतर जेमतेम दीड-दोन किलोमीटर भरेल.

टेलर चौक

उद्यानापासून थोड्याच अंतरावर टेलर चौक लागतो. पूर्वी त्याला गुलामगिरीचे समर्थन करणारे पुढारी जॉन कॅल्हून यांचे नाव होते. 2023 साली नगरपालिकेने त्यास सूझी किंग टेलर या स्त्रीचे नाव दिले.

या बाईंचा जन्म 1848 साली गुलाम कुटुंबात झाला. बालपणी त्या सव्हाना येथे आजीजवळ राहावयास आल्या. गुलामांना लिहावयास-वाचावयास शिकविणे जॉर्जियात त्या काळी कायद्याने मना होते. तरीही आजीने नातवंडांना एका स्वतंत्र कृष्णवर्णीय बाईच्या घरी चोरून शिकावयास धाडले. मुले आपली पुस्तके कागदात गुंडाळून नेत, म्हणजे शिपायाच्या दृष्टीस ती पडू नयेत. यादवी युद्ध सुरू झाल्यावर 1862 साली ही तेरा वर्षांची मुलगी उत्तरेच्या सैन्याच्या आश्रयास गेली. तिने मुक्त झालेल्या मुलांना शिकविले व कृष्णवर्णीय पलटणीतील जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. युद्ध संपल्यावर सव्हाना येथे परत येऊन तिने शाळा काढली, आणि 1902 साली आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले.

येथे आपल्या चार पायांच्या सोबत्याविषयीही एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. दक्षिणेतील मळ्यांवरून पळून जाणाऱ्या गुलामांचा माग काढण्यासाठी त्या काळी शिकारी कुत्रे मुद्दाम शिकवून तयार केले जात. वास घेण्याची जी देणगी देवाने त्या प्राण्याला दिली, ती माणसाने माणसाच्या पाठलागाला लावली. कुत्र्याचा त्यात दोष काय? धन्याने शिकविले ते तो शिकला. कुत्रा घेऊन या चौकात विसावणाऱ्याने, एके काळी याच देशात कुत्र्याचे भुंकणे ऐकून कोणाच्या काळजाचे पाणी होत असे, याची क्षणभर आठवण करावी.

लाफायेत चौक

येथून सरळ उत्तरेस गेले की लाफायेत चौक लागतो, आणि समोर दिसतात संत योहान बाप्तिस्ता यांच्या कॅथेड्रलची दोन उंच शिखरे. ती पाहताना हे ध्यानी घ्यावे की, या नगरात आपल्या धर्मबांधवांना आरंभी पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती. वसाहतीसाठी 1732 साली इंग्लंडच्या राजाने जी सनद दिली, तीत सर्वांना धर्मस्वातंत्र्य होते, फक्त कॅथलिकांना नव्हते. दक्षिणेस फ्लोरिडात स्पेनचे राज्य होते, आणि कॅथलिक माणूस स्पॅनिश शत्रूला सामील होईल अशी इंग्रजांस धास्ती होती. विशेष हे की, आरंभी गुलाम बाळगण्यासही त्या वसाहतीत बंदी होती. लोभापुढे ती बंदी टिकली नाही, आणि 1751 साली ती उठविण्यात आली.

अमेरिका स्वतंत्र झाल्यावर कॅथलिकांची वाट मोकळी झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस कॅरिबियन बेटांतील बंडाळीमुळे निर्वासित झालेले फ्रेंच लोक आले, त्यांच्यामागून आयरिश मजूर आले. आजच्या कॅथेड्रलचे समर्पण 1876 साली झाले. 1898 सालच्या आगीत त्याचा बहुतेक भाग जळून गेला, तेव्हा लोकांनी ते पुन्हा उभारले आणि 1900 साली त्याचे पुन्हा समर्पण झाले. 2020 साली त्याला बॅसिलिकेचा मान मिळाला.

कुत्र्याला आत नेता येत नाही हे उघड आहे. अशा वेळी कुटुंबातील एकाने चौकातील सावलीत कुत्र्याजवळ बसावे, बाकीच्यांनी दर्शन घेऊन यावे, मग पाळी बदलावी. बाहेर बसणाऱ्याचाही वेळ फुकट जात नाही. याच चौकाच्या कडेस थोर कॅथलिक कथालेखिका फ्लॅनरी ओ’कॉनर यांचे बालपणीचे घर आहे. 1925 साली त्यांचा जन्म सव्हाना येथे झाला. पाखरांचा त्यांना फार लळा. लहानपणी त्यांनी एका कोंबडीला उलटे चालावयास शिकविले, तेव्हा बातमीपटवाल्यांनी येऊन तिचे चित्रीकरण केले होते!

सात स्त्रियांचे काम

हे चौक आणि ही घरे आपोआप टिकली असे मात्र नाही. 1864 सालच्या डिसेंबरात उत्तरेचा सेनापती शर्मन याने सव्हाना न जाळता ताब्यात घेतले आणि राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना नाताळची भेट म्हणून देऊ केले. युद्धातून वाचलेले हे नगर पुढे मोटारींच्या पायी मोडू लागले. 1954 साली एलिस चौकातील जुना बाजार पाडून तेथे मोटारी ठेवण्याची इमारत उठविण्यात आली. पुढच्याच वर्षी कोलंबिया चौकातील 1820 सालचे डॅव्हनपोर्ट गृह पाडण्याचे घाटत होते. तेही मोटारींना जागा हवी म्हणून. तेव्हा गावातील सात स्त्रिया पुढे सरसावल्या. त्यांनी पैसे जमवून ते घर विकत घेतले आणि जुन्या वास्तू राखणारी संस्था स्थापन केली. संस्था पडावयास आलेली घरे विकत घेई, आणि जो नीट दुरुस्ती करून राखील त्यालाच विकी. आलेल्या पैशातून पुढचे घर घेई. एलिस चौकातील ती इमारतही शेवटी पाडण्यात आली, आणि 2010 साली चौक लोकांना परत मिळाला. आज तेथे मुले धावतात व त्यांच्यामागे कुत्री.

नदीकाठची मुलगी आणि तिचा कुत्रा

आता नदीकडे उतरू. उतारावर गोटे बसविलेले आहेत. जुन्या काळी गलबते तोल सांभाळण्यासाठी तळाशी जे दगड घालून आणीत, तेच हे. कुत्र्याच्या पायांना ते टोचतात, सावकाश चालावे.

काठाच्या पूर्व टोकास एका तरुणीचा पुतळा आहे, आणि तिच्यापाशी तिचा कॉली जातीचा कुत्रा. ही फ्लॉरेन्स मार्टस. तिचा भाऊ नदीवरील दीपगृहाचा रक्षक होता, आणि त्याच्याबरोबर ती एल्बा बेटावर राहत असे. 1887 पासून 1931 पर्यंत, 44 वर्षे, येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना ती दिवसा रुमाल आणि रात्री कंदील हलवून निरोप देई. हरवलेल्या प्रियकराची ती वाट पाहत होती, असे लोक म्हणत. पण लोकांना कथा रचावयास काय लागते? एकाकी बेटावर सोबतीला कुत्रा होता, आणि वाटेने जाणाऱ्या परक्या खलाशाला ‘सुखाने जा’ म्हणावे असे तिला वाटत होते, यात पुरेसे कारण आहे. 1943 साली ती वारली, आणि त्याच वर्षी सव्हाना येथे बांधलेल्या एका मालवाहू जहाजाला तिचे नाव देण्यात आले.

सोबत्याची काळजी

ज्यांची मुले-लेकी त्या देशात आहेत, त्यांच्यासाठी व्यवहाराच्या चार गोष्टी. नगरात कुत्रा साखळीवाचून मोकळा सोडू नये. त्याची घाण धन्याने स्वतः उचलावी. संग्रहालयांत कुत्र्यास प्रवेश नसतो. अंधांना वाट दाखविणाऱ्या शिकविलेल्या कुत्र्यांची गोष्ट निराळी. काही उपाहारगृहे अंगणातील मेजांपाशी कुत्र्याला बसू देतात, पण आधी विचारावे. जवळच्या टायबी बेटाच्या समुद्रकिनाऱ्यावर कुत्रा नेण्यास बंदी आहे, आणि दंडही होतो. याच किनाऱ्यावर एके काळी कृष्णवर्णीय माणसांनाही बंदी होती. 1960 साली त्यांचे तरुण समुद्रात उतरले, तेव्हा त्यांना अटक झाली. कुत्र्याला आडकाठी असावी हे समजण्याजोगे आहे. माणसाला असावी हे कधीच नव्हते.

उन्हाची काळजी सर्वांत मोठी. जुलैत तेथील दुपार 33 अंशांच्या आसपास जाते, आणि हवा आपल्या कोकणासारखी दमट. कुत्र्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंग निववितो, आणि दमट हवेत तेही नीट साधत नाही. म्हणून सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर निघावे. फरसबंदीवर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही. पाणी बरोबर असावे. बंद मोटारीत त्याला क्षणभरही ठेवू नये. दहा मिनिटांत आतील उष्णता दहा अंशांनी वाढते.

सव्हाना नगराने चौक राखले म्हणून आज तेथे श्रीमंत पाहुणा, गावचा म्हातारा, शाळेतील पोर आणि साखळीला बांधलेला कुत्रा एकाच सावलीत बसतात. आपल्या गावीही असे एखादे पटांगण असते, वडाखालचा पार असतो, चर्चपुढील मोकळी जागा असते. कोणी तेथे भिंत घालू पाहतो, कोणी गाड्या लावू पाहतो. ती जागा गेली म्हणजे प्रथम कोणाची अडचण होते? ज्यांना दुसरी जागा नाही त्यांची. सव्हाना येथील सात स्त्रियांनी हे वेळीच ओळखले. गावच्या पुढील सभेत आपल्या पटांगणाचा प्रश्न निघाला, तर त्यांची आठवण ठेवावी.