बर्फावर गाडी का थांबत नाही?

मनालीहून लाहौल खोऱ्यात नेणारा अटल बोगदा २०२० साली खुला झाला. सुमारे तीन हजार मीटर उंचीवरच्या या रस्त्यावर आता हिवाळ्यातही पर्यटकांच्या मोटारी असतात. त्यांत महाराष्ट्रातल्याही आल्याच. सकाळी रस्ता नुसता ओला दिसतो. चालक ब्रेक दाबतो, पण गाडी घसरतच राहते. असे का होते?

ब्रेक चाकांना अडवतो. गाडी थांबते ती मात्र टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणामुळे. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक साधारण ०.७ असतो, बर्फावर तो ०.१ च्या आसपास येतो. बर्फाच्या पृष्ठभागावरील रेणूंना वरून शेजारी नसतात, म्हणून ते सैल बांधलेले असतात. शून्य अंशाखालीही तेथे पाण्यासारखा अतिशय पातळ थर असतो, ही कल्पना मायकेल फॅरडे यांनी १८५० मध्येच मांडली होती.

आता हिशोब करू. ब्रेक लागल्यावर कापले जाणारे अंतर काढण्यासाठी वेगाच्या वर्गाला घर्षणांक आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागायचे. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. या वेगाने जाणारी गाडी सपाट, कोरड्या रस्त्यावर सुमारे ९ मीटरांत थांबेल. बर्फावर तिला ६३ मीटर लागतील! उतारावर त्याहूनही जास्त. वेग निम्मा केला, तर सपाट बर्फावर हेच अंतर १६ मीटरांवर येते.

या सूत्रात वस्तुमान कोठेच नाही. म्हणजे 'आपली गाडी जड आहे, ती घसरणार नाही' हा भरवसा फोल आहे. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी बर्फावरून सहज निघते. थांबताना मात्र त्याचा उपयोग होत नाही.

धोका कोठे अधिक? पुलांवर आणि सावलीतल्या वळणांवर. पुलाला खालूनही थंड हवा लागते आणि जमिनीची ऊब मिळत नाही, म्हणून तेथे पाणी आधी गोठते. हा थर पारदर्शक असल्याने खालचे डांबर दिसते. म्हणूनच त्याला 'काळा बर्फ' म्हणतात.

तेव्हा वेग पुलाच्या व वळणाच्या आधीच कमी करावा, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर राखावे, उतारावर खालचा गिअर ठेवावा आणि गरज असेल तेथे चाकांना साखळ्या लावाव्यात.

वर्गात एका फळीवर खोडरबर आणि बर्फाचा खडा शेजारी ठेवून फळीचे टोक हळूहळू उचलावे. आधी कोण घसरते? घसरण सुरू होते त्या कोनाचे टॅन गुणोत्तर म्हणजेच स्थितिक घर्षणांक. तो विद्यार्थ्यांनी स्वतः मोजावा.