आत्मस्वीकार आणि मानवी संबंध : ‘इव्हँजेलियन’ व ‘कोसला’ यांतील पात्रविकास

कथात्मक कृतीतील पात्र ‘बदलते’ असे आपण सहज म्हणतो. परंतु त्या बदलाचे स्वरूप निश्चित करू लागले की अडचणी दिसू लागतात. पात्राची परिस्थिती पालटली, त्याला यश अथवा अपयश आले, एवढ्याने त्याचा विकास झाला असे ठरत नाही. स्वतःकडे पाहण्याची त्याची दृष्टी पालटली, तरच विकास हा शब्द सार्थ होतो. आत्मस्वीकार हा अशा पालटाचा एक महत्त्वाचा प्रकार होय. हा पालट मनुष्य एकांतात आत्मपरीक्षण करून घडवून आणतो, की दुसऱ्या माणसाच्या संबंधातूनच तो घडतो, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी दोन अगदी भिन्न जातींच्या कृती विचारार्थ घेतल्या आहेत : हिदेआकी आन्नो यांनी दिग्दर्शित केलेली ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ ही जपानी अ‍ॅनिमे मालिका आणि भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) ही कादंबरी.

अ‍ॅनिमे म्हणजे मुलांची करमणूक, असा समज अभ्यासकांत अद्याप पुष्कळसा रूढ आहे. ज्या कलाप्रकारातून आपले विद्यार्थी आज स्वतःविषयी विचार करावयास शिकतात, त्याकडे साहित्यविभागाने पाठ फिरवणे इष्ट नव्हे. कोणत्याही कृतीस लावावयाचे निकष तिलाही लावून पाहावेत, हे उचित.

ही मालिका ऑक्टोबर १९९५ ते मार्च १९९६ या काळात सव्वीस भागांत दूरचित्रवाणीवर प्रसारित झाली. चौदा वर्षांच्या शिंजी इकारी या मुलास त्याचा पिता अनेक वर्षांनंतर बोलावून घेतो, तो वात्सल्यापोटी नव्हे; एका प्रचंड यंत्रसदृश देहात बसून अज्ञात शत्रूंशी लढण्यासाठी. येथून शिंजीच्या मनात एक समीकरण दृढ होते : मी लढतो म्हणून मी हवा आहे, लढलो नाही तर माझे मोल शून्य. त्याच्या भोवतीची पात्रेही अशाच समीकरणांत अडकलेली आहेत. आसुका ही मुलगी सर्वांत पुढे राहण्यात आपले अस्तित्व मोजते आणि बालपणीचे दुःख त्या ईर्ष्येखाली झाकून ठेवते. रेई आज्ञापालनालाच जीवन समजते; आनंदाच्या प्रसंगी चेहरा कसा असावा, हेदेखील तिला दुसऱ्याने सांगावे लागते. तिघांनाही स्वतःचा स्वीकार करता येत नाही, कारण तिघांनीही स्वतःस कोणत्या तरी कार्याचे साधन मानले आहे.

मालिकेच्या चौथ्या भागाचे इंग्रजी शीर्षक शोपेनहाउअर यांच्या १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या एका दृष्टान्तावर आधारलेले आहे. थंडीने गारठलेली साळिंदरे उबेसाठी जवळ येतात. परंतु एकमेकांचे काटे टोचताच दूर होतात. आणि पुनःपुन्हा असे केल्यावर त्यांना सोसवेल असे अंतर सापडते. फ्रॉइड यांनीही १९२१ साली समूहमानसाची चर्चा करताना या दृष्टान्ताचा आधार घेतला. शिंजीची अवस्था मात्र याहून बिकट आहे. एकदा टोचलेल्या काट्यांची आठवण त्याला इतकी आहे की, तो थंडीच पत्करतो.

याच भागाचा शेवट रेल्वेस्थानकावर होतो. शिंजी शहर सोडून जाण्यास निघालेला असतो. गाडी निघून जाते, आणि तो फलाटावरच उभा असतो. त्याची पालक झालेली मिसातो समोर येते. जपानी माणूस घरी परतल्यावर जो शब्द उच्चारतो तो तो अडखळत उच्चारतो, आणि घरातील माणसाने द्यावयाचे उत्तर ती देते. दुसऱ्या भागात हेच शब्द तिच्या घराच्या उंबरठ्यावर आलेले असतात. येथे घर नाही, केवळ फलाट आहे. मराठी वाचकास याचे मर्म सहज कळावे. आपल्याकडे निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. आणि हा ‘येतो’ ऐकणारे कोणी असेल तरच त्या शब्दाला अर्थ. घर ही वास्तू नसून तो एक संवाद आहे, हे या दृश्याचे प्रतिपादन होय.

‘कोसला’तील पांडुरंग सांगवीकराची स्थिती वरवर पाहता निराळी आहे. तो खानदेशातील खेड्यातून पुण्यास शिकावयास येतो, वसतिगृहात राहतो, अपयश घेऊन गावी परततो. परंतु पित्याशी असलेला ताण, आपण कशासाठी आहोत हा प्रश्न आणि माणसांत राहूनही एकटे असणे, ही तीनही सूत्रे दोन्ही कृतींना समान आहेत. कोसला म्हणजे किड्याने स्वतःभोवती विणलेला कोश. पांडुरंगाचा कोश भाषेचा आहे. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या शब्दांची त्याच्या निवेदनातील सुप्रसिद्ध पुनरावृत्ती ही केवळ शैलीची लकब नव्हे. कोणतीही गोष्ट अंतिम सत्य म्हणून उच्चारावयाची नाही, म्हणजे ती खोटी ठरल्याचे दुःखही होणार नाही, अशी ती तटबंदी आहे. साळिंदराचे काटे येथे शब्दयोजनेत उतरले आहेत. ही तटबंदी खऱ्या अर्थाने ढासळते ती धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूच्या प्रसंगी. ज्याने कशातच गुंतावयाचे नाही असे ठरवले होते, तो किती गुंतलेला होता, हे त्याला आणि वाचकाला एकाच वेळी समजते. आत्मज्ञानाचे साधन येथेही दुसरे माणूसच आहे. फरक एवढाच की, ते माणूस नाहीसे झाल्यावर ते ज्ञान होते.

येथवरच्या विवेचनाने संबंधाची आवश्यकता दिसली. परंतु अंतराची आवश्यकता दिसली नाही. मालिकेचे खरे वैशिष्ट्य या दुसऱ्या मुद्द्यात आहे. पात्रांभोवती एक अदृश्य कवच असते आणि ते प्रत्येक मनाभोवतीची भिंतच होय, असा उलगडा चोविसाव्या भागात होतो. काही सत्ताधीशांची योजना अशी की, या भिंती पाडून साऱ्या मानवजातीचे एकच मन करावे. मग कोणी एकटा नाही, कोणी दुखावणार नाही. सव्विसाव्या भागात शिंजीस एक कोरे, पांढरे विश्व दाखवले जाते. तेथे दुसरे कोणी नाही, म्हणून पूर्ण स्वातंत्र्य आहे. परंतु वर-खाली हा भेदही नाही. मग एक आडवी रेघ ओढली जाते. तिच्यामुळे एक स्वातंत्र्य जाते आणि पाय टेकावयास भूमी मिळते. दुसऱ्यापासूनचे वेगळेपण हीच स्वतःच्या आकाराची रेघ, हा या दृश्याचा अर्थ. १९९७ च्या चित्रपटात हाच निर्णय कठोर रूपात येतो : सर्वांच्या विलयनातून शिंजी परत फिरतो, आणि परतल्यावरचे पहिले दृश्य सुखाचे नसून क्लेशाचे आहे.

ही निवड मराठी परंपरेस अपरिचित नाही. अद्वैताची थोरवी जाणूनही वारकरी संतांनी भक्तीसाठी देव आणि भक्त हा भेद राखला. तुकोबांनी मुक्ती नाकारून संतसंग मागितला आणि त्यासाठी पुन्हा गर्भवासाची तयारी दाखवली. विलयनात दुःख नाही, पण प्रेमही नाही, हा विचार दोन्हीकडे आहे. अर्थात भेदही ध्यानात ठेवला पाहिजे : संतांच्या निवडीमागे ईश्वरावरील निष्ठा आहे, शिंजीच्या निवडीमागे कोणतीही खात्री नाही. आपण येथे असलो तरी चालेल, एवढाच त्याचा निष्कर्ष आहे.

भिंत आणि संबंध यांचे हे नाते केवळ कल्पित कथांत आढळते असेही नाही. कल्याणजवळील युद्धकालीन लष्करी छावणीत १९४७ नंतर सिंधमधील निर्वासितांना आश्रय देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे नव्या नगराची कोनशिला बसली, आणि ते उल्हासनगर झाले. सैनिकांच्या लांबलचक बराकींत अनेक कुटुंबे एका छपराखाली आली. त्यांनी प्रथम जी गोष्ट केली ती म्हणजे मध्ये पडदे बांधणे. ते शेजाऱ्याविषयीच्या तिटकाऱ्याने बांधले गेले नाहीत. आपले कुटुंब म्हणून काही उरावे, यासाठी बांधले गेले. पडद्यापलीकडचा खोकला ऐकू येतच होता. पडदा होता म्हणून त्या खोकल्याची विचारपूस करता येत होती. ज्यांचा प्रदेश गेला त्यांना नवी ओळख स्वीकारणे अशा शेजाराविना शक्य झाले नसते. आजही तेथील पत्त्यांत कॅम्पचा क्रमांक लिहितात. विस्थापनाची खूण पुसून टाकण्याऐवजी ती आपली म्हणून वागवणे, हा सामुदायिक आत्मस्वीकारच म्हणावा लागेल.

उलट उदाहरणही याच परिसरात रोज घडते. मुंबईपासून सुमारे ६८ किलोमीटरवरील बदलापूरचा किंवा त्याअलीकडच्या अंबरनाथचा नोकरदार गर्दीच्या गाडीत खांद्यास खांदा लावून दीड तासाचा प्रवास करतो. येथे शारीरिक अंतर शून्य आहे, म्हणून प्रत्येक जण मनाचे अंतर वाढवतो. कानांत ध्वनियंत्र घालून डोळे मिटतो. शिंजीच्या कानांतही सदैव असेच यंत्र असते, आणि त्याच्या अंतर्मनातील संवाद वारंवार संध्याकाळच्या रेल्वेडब्यात घडतात. तथापि याच डब्यांत भजनीमंडळे जमतात, वर्षानुवर्षांचे गट बनतात, न आलेल्या सहप्रवाशाची चौकशी होते. निकटता आणि संबंध या भिन्न गोष्टी आहेत. पहिली गर्दीने लादलेली असते, दुसरी माणसाने पत्करावी लागते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आत्मस्वीकार म्हणजे स्वतःविषयी समाधान नव्हे. आपल्या उपयुक्ततेहून आपले अस्तित्व निराळे आहे, ही ओळख होय. ही ओळख एकट्याने आत डोकावून होत नाही. शिंजीस ती फलाटावरच्या एका उत्तराने सुरू होते, पांडुरंगास ती एका मृत्यूने होते. मात्र दुसऱ्यात विरघळूनही ती होत नाही. त्यासाठी रेघ राहावी लागते. म्हणून पात्रविकासाचे परीक्षण करताना ‘पात्र शेवटी सुखी झाले काय?’ असे विचारण्यापेक्षा, ‘दुखावले जाण्याची शक्यता त्याने जाणून पत्करली काय?’ असे विचारणे अधिक फलदायी ठरेल. २०२१ मध्ये प्रदर्शित झालेल्या या मालिकेवरील अखेरच्या चित्रपटाचा शेवटही रेल्वेस्थानकावरच होतो, आणि ते स्थानक आन्नो यांच्या जन्मगावी, उबे येथे, प्रत्यक्ष अस्तित्वात आहे. या वेळी प्रौढ झालेला शिंजी फलाटावर थांबत नाही; दुसऱ्याचा हात धरून तो बाहेरच्या साध्या, चालत्याबोलत्या जगात जातो.