कार्ड थांबत नाही, स्क्रिप्टनं थांबावं

सोलापुरी चादरीवरची नक्षी जॅकार्डवर उतरते. आलेखाच्या कागदावर नक्षी काढायची, तिच्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची आणि कार्डांची माळ मागावर चढवायची. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. फ्रान्सच्या जोसेफ मारी जॅकार्डनं 1804 च्या सुमारास बसवलेली ही पद्धत म्हणजे आधीच लिहून ठेवलेले हुकूम. धागा खरंच उचलला गेला का, हे मात्र कार्डाला कळत नाही.

संगणकावर आपोआप लॉगिन करणारी स्क्रिप्ट म्हणजेही आधीच लिहिलेले हुकूम, पण ती इथंच वेगळी पडते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यातून रोज संध्याकाळी विक्रीची फाइल मुंबईच्या सर्व्हरवर चढवायची आहे, असं धरा. टेरा टर्म या टर्मिनल प्रोग्रामला मॅक्रो लिहून देता येतो. पडद्यावर ‘लॉगिन’ येईपर्यंत थांब, आलं की नाव पाठव, ‘पासवर्ड’ दिसला की पासवर्ड पाठव, मग फाइल. लिनक्सवर हेच काम डॉन लाइब्ज यांचा ‘एक्स्पेक्ट’ हा प्रोग्राम करतो. पाठवणं सोपं असतं, खरी गोम थांबण्यात आहे.

टेरा टर्मच्या ‘वेट’ या थांबण्याच्या हुकमाला मुदत घालता येते. गंमत अशी, की मुदत टळली तरी मॅक्रो अडत नाही. ‘रिझल्ट’ या व्हेरिएबलमध्ये शून्य ठेवून तो पुढच्या ओळीवर जातो. ते शून्य कुणी पाहिलंच नाही, तर कुणी मागितलेला नसतानाही पासवर्ड रवाना होतो. कधी कधी पडद्यावर उघडा उमटतोही. शून्य तपासणारी ओळ म्हणूनच हवी. पण पहिल्या दिवशी सगळं सुरळीत चालतं, आणि ती लिहायची राहून जाते.

लॉगिन झालं, तरी फाइल पूर्ण पोचेलच असं नाही. डायल-अपच्या काळात लाइन मध्येच तुटायची आणि कॉलचं मीटर पुन्हा पळू लागायचं. चक फोर्सबर्ग यांच्या 1986 च्या झेडमोडेम या फाइल पाठवण्याच्या प्रोटोकॉलनं तुटलेली फाइल तिथूनच पुढं नेण्याची सोय केली. अर्धवट फाइलीचं दुखणं आजही आहेच. त्यावर साधा उपाय म्हणजे ती तात्पुरत्या नावानं चढवायची आणि पूर्ण पोचली की खरं नाव द्यायचं. मग पलीकडचा प्रोग्राम अर्धे आकडे उचलत नाही.

पासवर्ड स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवणं मला मुळीच पटत नाही. फाइलची कॉपी गेली की पासवर्डही गेला. त्यापेक्षा एसएसएच या सुरक्षित जोडणीच्या किल्ल्यांची जोडी बरी: खासगी किल्ली आपल्या संगणकावर, सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर. रात्री माणूस नसताना चालणाऱ्या कामाची किल्ली बहुतेक जण बिनपासवर्डाची ठेवतात, त्यामुळं तिला मोकाट सोडू नये. सर्व्हरवरच्या ‘ऑथराइज्ड कीज’ फाइलमध्ये तिच्या ओळीच्या सुरुवातीला ‘रिस्ट्रिक्ट’ आणि ठरावीक ‘कमांड’ लिहिली, की त्या किल्लीनं तेवढं एकच काम होतं.