वऱ्हाडातला 'ऱ' आणि हात न मोजता होणारे ठराव



गेल्या गळीत हंगामात आपल्या एका सभासदाचे उसाचे बिल पंधरवडाभर अडले. ऊस तुटला होता, काट्यावर वजन झाले होते, पावत्या हातात होत्या. पण कार्यालयातला संगणक म्हणे, या नावाची नोंदच नाही. यादीत नाव डोळ्यांना दिसत होते आणि शोधले की सापडत नव्हते! त्यांच्या आडनावात 'ऱ्ह' आहे, आपल्या वऱ्हाडात आहे तसाच. शेवटी ध्यानात आले की नोंद करणाऱ्याने तो एका रीतीने लिहिला होता आणि शोधणारा दुसऱ्या रीतीने लिहीत होता. माणसाला दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळी माणसे. ते गृहस्थ वैतागून म्हणाले, "अहो, एका अक्षराच्या दोन रीती ठेवल्याच कशाला? एक ठराव करून टाकायला काय झालं होतं?"

प्रश्न बिनतोड होता. म्हणून आम्ही थोडी चौकशी केली.

संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक हे जगभर एकच असावे म्हणून १९९१ साली 'युनिकोड' नावाचे मानक निघाले. त्यातली देवनागरी भारताच्याच १९८८ च्या 'इस्की' या आराखड्यावरून घेतली. आता 'र'चा पाय मोडून पुढे 'य' ठेवला की यंत्र रफार काढते: आचार्यांना. हिंदीचे तेवढ्यावर भागते, आपले भागत नाही. लग्नघरात 'आचाऱ्यांना बोलवा' म्हटले आणि आचार्य येऊन बसले, तर पंगत उपाशी राहायची! १९९६ च्या युनिकोडात यासाठी 'र', पायमोड आणि एक न दिसणारे जोडचिन्ह अशी रीत होती. आपल्या भारतीय मानकाची रीत निराळी: खाली टिंब असलेला 'ऱ' घ्यावा आणि त्याचा पाय मोडावा. पुढे युनिकोडने हीच रीत मुख्य धरली. मात्र जुनी रीत रद्द केली नाही, कारण तोवर तिच्यात लिहिलेला मजकूर एका रात्रीत बिघडला असता.

म्हणजे ठराव झाला होता. पण आधी लिहून बसलेल्यांचे काय, या आक्षेपालाही त्यात जागा ठेवली होती. आपल्या सभासदाचे बिल अडले ते त्या जागेपायी.

असे ठराव करतात तरी कसे? युनिकोडात मोठ्या कंपन्या सदस्य आहेत आणि मत त्यांना असते. प्रस्ताव मात्र कुणीही पाठवू शकतो. अक्षर खरोखर वापरात आहे हे दाखवायला छापील नमुने जोडावे लागतात. 'ॲडव्हान्स'मधल्या 'ॲ'ला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ साली. तोवर आपण ॲडव्हान्स उचलत होतो, अक्षर मात्र जोडून-तोडून भागवत होतो.

इंटरनेटची मानके ठरवणारी मंडळी तर आणखी निराळी. १९६९ साली स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने पहिले टिपण लिहिले तेव्हा या मालिकेला 'मते कळवावीत' अशा अर्थाचे नाव दिले. आजही मानके त्याच नावाने निघतात. तिथे भागभांडवल नाही, सभासदत्व नाही, मतदान नाही. १९९२ साली डेव्हिड क्लार्क यांनी सांगितलेले सूत्र असे की राजा नको, अध्यक्ष नको, मतदानही नको. ढोबळ एकमत हवे आणि प्रत्यक्ष चालणारी आज्ञावली हवी. सभेचा कल पाहायचा तर हात वर करायला न सांगता तोंड मिटून हुंकार द्यायला सांगतात. हसू येते खरे, पण कोण कुणाच्या बाजूने हे त्यात दिसत नाही, आणि मोजताही येत नाही. हा कौल नव्हे. चर्चा कुठवर आली याचा नुसता अंदाज.

या पद्धतीवर २०१४ साली त्यांनी एक टिपण काढले. त्यातली गोष्ट आम्हांला फार पटली. शंभर जण बाजूने आणि पाच विरोधात असले तरी एकमत झाले असे धरत नाहीत, जर त्या पाचांच्या तांत्रिक आक्षेपाला उत्तर मिळाले नसेल. उलट पाच बाजूने आणि शंभर विरोधात असूनही एकमत असू शकते, जर त्या शंभरांच्या आक्षेपाचे निरसन झालेले असेल. आक्षेप मानलाच पाहिजे असे नाही. ऐकून त्याचा विचार झालेला असला पाहिजे. शिवाय मानक वरच्या पायरीला नेण्याआधी निदान दोघांनी ते वेगवेगळे बनवून एकमेकांशी चालवून दाखवावे लागते. उसाची नवी जात एकाच वाफ्यातला फुटवा पाहून कुणी शिफारस करत नाही, तसेच हे.

आता आपली वार्षिक सर्वसाधारण सभा आठवा. विषय वाचून पुरा होतो न होतो तोच 'मंजूर, मंजूर'! मागच्या रांगेतला उभा राहिलेला माणूस तसाच खाली बसतो. आम्ही स्वतः त्या गजरात आवाज मिसळला आहे, नाकारत नाही. एक सभासद एक मत हा सहकाराचा पाया आहे, तो हलवा असे आम्ही म्हणत नाही. पण इतिवृत्तात आक्षेप आणि त्याचे उत्तर, दोन्ही लिहायला कायदा कुठे आडवा येतो?

त्या मंडळींचेही सगळे गोड नाही, बरे का. वाद महिनोन्‌महिने चालतात. 'पायथन' या संगणकभाषेचे जनक ग्विदो व्हान रोस्सम यांनी २०१८ साली एका चिन्हाचा वादग्रस्त प्रस्ताव मंजूर केला आणि त्या भांडणाला कंटाळून स्वतःच प्रमुखपद सोडले. पुढे पाच जणांचे मंडळ निवडले गेले. आणि ज्याला इंग्रजी येते, ज्याच्याकडे वेळ आहे, त्याचाच आक्षेप तिथे पोचतो. 'शेतकऱ्यांना' या शब्दातच तो 'ऱ्य' आहे, पण पाण्याची पाळी सोडून त्याच्यासाठी भांडायला शेतकरी जाणार कुठे?

तूर्त आपल्या कार्यालयाने सगळ्या नोंदी 'ऱ'च्या रीतीने लिहायच्या असे ठरवले आहे. जुन्या याद्या दुरुस्त होत आहेत. ज्यांच्या नावात, आडनावात किंवा गावाच्या नावात 'ऱ्य' अथवा 'ऱ्ह' आहे, त्यांनी ऊसनोंदीची पावती घेऊन गट कार्यालयात यावे आणि आपले नाव समोर बसून शोधायला लावावे. या रीतीला कुणाची हरकत असेल तर ती लेखी द्यावी. उत्तरासह पुढच्या अंकात छापू.