मिनिटाचा वर्ग

सीएनसी यंत्राच्या प्रोग्रॅममध्ये 'एफ ३०००' लिहिलं की टूल मिनिटाला ३००० मिमी वेगाने सरकतं. त्याच यंत्राच्या सेटिंगमध्ये त्वरण मात्र बहुधा सेकंदांत मागतात, समजा २५० मिमी प्रति सेकंद वर्ग. वेगळे असताना हे दोन आकडे कुणाला त्रास देत नाहीत. एका सूत्रात आले की घोटाळा होतो.

थांबलेल्या टूलला पूर्ण वेग गाठायला किती अंतर लागेल? वेगाच्या वर्गाला त्वरणाच्या दुपटीने भागायचं. मिनिटाला ३००० म्हणजे सेकंदाला ५० मिमी. ५० चा वर्ग २५००, भागिले ५००, उत्तर ५ मिमी. वेळ लागतो ०.२ सेकंद. मिनिटाचे ३००० तसेच सूत्रात घातले, तर उत्तर येतं १८ मीटर! एवढं लांब यंत्रच समोर नसल्यामुळे ही चूक जागीच पकडली जाते.

भीती आहे ती अर्धवट रूपांतराची. 'सगळं मिनिटांत करून घेऊ' म्हणून २५० ला ६० ने गुणलं, की काम झाल्यासारखं वाटतं. पण त्वरणात सेकंद दोनदा येतो: सेकंदाला किती मिमी हा वेग, आणि तो दर सेकंदाला कितीने वाढला हे त्वरण. म्हणून ६० ने दोनदा गुणायला हवं. तेव्हा मिळतात ९ लाख मिमी प्रति मिनिट वर्ग. छोट्या यंत्रांसाठीचं 'जीआरबीएल' हे मुक्त सॉफ्टवेअर नेमकं हेच करतं. सेटिंगमध्ये त्वरण सेकंदांत घेतं आणि आतल्या हिशेबासाठी दोनदा ६० ने गुणून ठेवतं.

एकदाच गुणलं तर हाती राहतात १५,०००, आणि अंतर निघतं ३०० मिमी. हा आकडा पटण्यासारखा आहे. म्हणूनच मला तो १८ मीटरपेक्षा घातक वाटतो. इंच-मिमीची गल्लत झाली तर जॉब २५.४ पट चुकतो आणि व्हर्निअर लावायच्या आधीच डोळ्यांना दिसतो. त्वरण साठपट कमी पडलं, तरी जॉब मापात उतरतो. फक्त यंत्र रेंगाळतं. ४० मिमीच्या छोट्या चालीत टूल सेकंदाला १३ मिमीच्या पुढे जातच नाही. स्पिंडल मात्र पूर्ण वेगाने फिरत असतो, त्यामुळे कापण्याऐवजी घासणं होतं, टूल तापतं, धार जाते. ऑपरेटर फीड वाढवतो आणि काहीच फरक पडत नाही, कारण अडथळा फीडचा नसतोच.

अशा वेळी स्टॉपवॉच कामाला येतं. टूल हवेत ठेवून एफ ३००० वर ३०० मिमीची एकच सरळ चाल द्यावी. वेग घेणं आणि थांबणं धरून ती ६.२ सेकंदांत पुरी व्हायला हवी. १७ सेकंद लागले, तर हिशेबात एक ६० राहून गेला आहे.